चांदीच्या नऊ गाठी

प्रिय डावरे,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहून गेलो. खोडला असता, पण खाडाखोड केलेली वही मी शाळेतल्या पोरांकडूनही घेत नाही, तेव्हा राहू दे. पुढच्या मजकुरात तो शब्द फारसा कामाला येणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. फोन केला असता तर तू नेहमीसारखं तीन ठिकाणी ‘हो रे दादा’ म्हणाली असतीस, मागे तुझ्या पॉलिशच्या चाकाची घरघर चालू राहिली असती आणि माझं अर्धं बोलणं चांदीच्या भुग्यात गेलं असतं. कागदाचं बरं असतं. त्याला मध्येच ‘एक मिनिट हं’ म्हणता येत नाही.

तुझं पार्सल मिळालं. मिळून बारा दिवस झाले. आत पातळ कागदात गुंडाळलेली चांदीची माळ होती, तुझ्या प्रदर्शनाचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं, आणि वर तुझी चिठ्ठी, ‘आईच्या गळ्यात तूच घाल आणि फोटो काढ.’ गळ्यात घातली. फोटो काढला नाही. का काढला नाही ते सांगतो, पण आधी त्या माहितीपत्रकाविषयी बोलू. रागाची सुरुवात तिथून झाली, आणि मी क्रमाने रागावणारा माणूस आहे.

दुसऱ्या पानावर तू म्हणतेस, ‘माझ्या सगळ्या दागिन्यांची प्रेरणा म्हणजे माझं घर.’ वाचून मी आणि तुझी वहिनी एकमेकांकडे बघत राहिलो. घर म्हणजे आम्हीच की! बाबांच्या शर्टाची बटणं तुझ्या कानातल्यांत गेली, ते ठीक. बाबा गेले, शर्ट गेले. बटणं कुणाच्या तरी कानाशी राहिली हे कळलं असतं तर ते खो खो हसले असते. माझ्या मोडलेल्या चष्म्याची काडी एका बाईच्या गळ्यात लोंबताना मी फोटोत पाहिली. खाली नाव दिलंयस ‘भावाची नजर’. बाई गं, त्या काडीने तीन वर्षं माझ्या कानामागे फोड ठेवला होता. नजरेशी तिचा काडीचाही संबंध नव्हता, ते खातं काचांकडे होतं. वहिनीच्या किसणीची भोकं तू कड्यावर उतरवलीस. ती नुसती म्हणाली, ‘बोटं माझी सोलली, नाव हिचं झालं.’ तरीही आम्ही हसलो. खोटं कशाला बोलू, मागच्या वर्षीचं तुझं पत्रक मी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ‘विसरून’ आलो होतो. सगळ्यांनी पाहावं म्हणून.

आणि मग पाचवं पान. ‘आईचा दिवस’. नऊ गाठींची माळ, काळ्या मखमलीवर. शेजारी तुझा मजकूर: ‘आईचा दोरा मेणात भिजवून प्लॅस्टरच्या साच्यात ठेवला. भट्टीत दोरा जळून गेला आणि त्याच्या रिकाम्या जागेत चांदीने घर केलं.’ वाक्य सुंदर आहे. मी ते दोनदा वाचलं. त्यात दोरा जळतो, चांदी घर करते, भट्टी बिचारी तापते. जो तो आपापलं काम करतोय. फक्त तो दोरा उचलून साच्यात घालणारी बाई त्या वाक्यात कुठेही सापडत नाही. सत्तावीस वर्षं मी मुलांची वाक्यं तपासतोय, डावरे. ज्याने काच फोडलेली असते तो निबंधात नेहमी ‘काच फुटली’ असंच लिहितो.

तो दोरा काय होता हे तुला मी सांगायचं म्हणजे गंमतच. तरी सांगतो, कारण तुला आठवण करून द्यायची गरज पडली ही या सगळ्यातली मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट आहे. आई पडदे शिवायच्या कारखान्यात जायची तेव्हापासूनचा तिचा रिवाज. सकाळी रिळातला जाड दोरा हातभर तोडायचा आणि दिवसाच्या प्रत्येक कामाची एक गाठ मारायची. अमक्याचे पडदे, तमक्याची झालर, याची फी, तिचा खोकला. काम झालं की अंगठ्याने गाठ सोडायची आणि म्हणायची, ‘झालं.’ संध्याकाळी दोरा सरळ झाला की तो खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात जायचा. सरळ दोरा म्हणजे संपलेला दिवस. गाठींचा दोरा म्हणजे चालू दिवस, त्याला हात लावायचा नाही. तू सहा वर्षांची असताना दोन गाठी सोडून ठेवल्या होत्यास आणि त्यामुळे कुणाचे तरी पडदे राहिले होते, आठवतं? आईने तुला मारलं नाही. तुला पुन्हा तशाच गाठी मारायला लावल्या, आणि तू पहिल्याच फटक्यात मारल्यास. डावऱ्या आईची डावरी लेक. तुझ्या गाठी पाहून आई एवढी खूश झाली, की शिक्षा करायची विसरलीच.

त्या घरात मी उजवा होतो हे माझं दुर्भाग्य. तिची ती डावी कात्री घेऊन मी एकदा वहीची कव्हरं कापायला बसलो आणि कागद कापायच्या ऐवजी चावला. तुम्ही दोघी हसून लोळत होतात. तुमचं ते एक वेगळंच राज्य होतं. शिवणयंत्रापाशी तुम्ही दोघी, आणि मी बाहेर धातुरूपं घोकत. तू पहिला दागिना केलास तो तिथेच, तिच्या हुकांचा आणि हुक अडकवायच्या आळ्यांचा. एकात एक अडकवून हार केलास आणि मापाला गळा माझा घेतलास. चौदा हुकांनी माझी मान चौदा ठिकाणी खाजवली. आई म्हणाली, ‘बघ, किती राजबिंडा दिसतोय माझा मुलगा.’ तुझ्या पत्रकात मात्र कलेची सुरुवात एका परदेशी कार्यशाळेत झाली असं दिलंय. असो. मी काही मोबदला मागत नाही, खाजवण्याचा.

आता पुढचं, जे तुला फोनवरून तुकड्यातुकड्यांत कळलंय. आईची गाठ मारायची कला गेली, त्याला दीड वर्ष झालं. एके दिवशी ती दोरा हातात घेऊन बसली आणि बोटांना काही सुचेना. मारणं गेलं, सोडणं राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘असं होतं, शिकलेलं उलट्या क्रमाने जात नाही.’ हातातल्या त्या दोऱ्यावर आदल्या दिवशी मारलेल्या, सोडायच्या राहिलेल्या तेवीस गाठी होत्या. त्या तिच्या हातच्या शेवटच्या. कोणती कशाची, हे तिलाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही. पण ती दिवसभर त्यांच्यावरून अंगठा फिरवायची, मोजायची आणि समाधानाने सांगायची, ‘अजून कामं आहेत हं मला.’ महिन्याकाठी एखादी सोडायची. सोडली की ‘झालं’ म्हणायची, आणि त्या दिवशी तिचं जेवण नीट व्हायचं. मला ती ओळखत नाही हे तुला ठाऊक आहे. मला ‘मास्तर’ म्हणते, मी तिला चहा दिला की ‘तुमच्या घरच्यांना त्रास झाला’ म्हणते. पण तिला कामं होती. कामं असलेलं माणूस म्हणून ती सकाळी उठायची. तू आलीस तेव्हा तेविसांतल्या नऊ उरल्या होत्या.

तू दोन दिवस राहिलीस. दुसऱ्या दिवशी वहिनी आईचे केस धूत होती, म्हणून दोरा डब्यात काढून ठेवला होता, नेहमीसारखा. त्या डब्यात सरळ दोरे पन्नास तरी असतील. त्यांतला एखादा नेला असतास तर आम्ही तुझी आरती केली असती. पण सरळ दोऱ्याचं काय करणार, नाही का? गाठी दिसायला छान असतात. प्रकाश पडतो त्यांच्यावर.

तू गेलीस आणि दुसऱ्या सकाळपासून शोध सुरू झाला. उशीच्या खोळीत, माझ्या दप्तरात, वहिनीच्या चपलांत. जिन्यात भेटेल त्याला विचारायची. खालच्या मजल्यावरचा घड्याळवाला भला माणूस, त्याने तिला एक जुना पट्टा दिला. तिने तो परत नेऊन दिला, ‘चुकून तुमचं आमच्याकडे आलं’ म्हणून. आणि मला रोज एकच प्रश्न: ‘मास्तर, माझी कामं कुठं ठेवलीत?’ चार महिने, डावरे. तेव्हा आम्हाला वाटत होतं, तिनेच कुठेतरी टाकला असेल, खिडकीतून पडला असेल. वहिनीने तर खालचं गटार काठीने ढवळलं. तेव्हा तू, तुझ्या पत्रकानुसार, ‘योग्य तापमानाच्या शोधात’ होतीस.

मग मी स्वतः गाठी मारायला बसलो. तेच रीळ, तेवढाच दोरा, तेवढ्याच अंतरावर नऊ. आईच्या हातात दिला. तिने पहिल्या गाठीवर अंगठा टेकवला आणि दोरा माझ्या मांडीवर ठेवला. ‘हा माझा नाही.’ ज्या बाईला पोटचा मुलगा ओळखू येत नाही, तिला गाठ परकी आहे हे क्षणात कळलं! पीळ उलटा पडतो. दोरा कसाही फिरव, टोकं बदल, उलटा धर. उजव्याची गाठ उजवीच राहते. मी सगळं करून पाहिलं. आरशासमोर बसून डाव्या हाताने शिकलो. पंधरवड्यात एक गाठ बरी जमली. लाकूड पोखरताना किड्याकडून चुकून एखादं अक्षर उमटावं, त्याला आमच्याकडे घुणाक्षरन्याय म्हणतात, तशी. किड्याला दुसरं अक्षर काढता येत नाही, मलाही आलं नाही. वहिनी दारातून बघून म्हणाली, ‘एवढं व्याकरण शिकलात आणि साधी गाठ मारता येईना?’ मी तिच्यावर खेकसलो. ते तुझ्या खात्यावर मांड.

आणि त्यानंतर तुझं पार्सल. माळ मीच गळ्यात घातली. आईचा हात लगेच तिथे गेला. अंगठा एका गाठीवरून दुसऱ्या गाठीवर, तिसऱ्या. मग तिचा चेहरा असा उजळला की वहिनीला रडू फुटलं. ‘मिळाला’, ती म्हणाली. मोजल्या. नऊ. पीळ तोच, अंतर तेच, तिच्या धाग्याचा एक सुटलेला तंतूसुद्धा तुझ्या चांदीने जसाच्या तसा उचललाय. तुझं काम चोख आहे, त्यात मला खोट काढता येत नाही, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. कारण मग तिने पहिली गाठ सोडायला घेतली.

चांदी सुटत नाही, डावरे. तुला हे सांगायला नको, तू चांदीतलीच आहेस. पण तिला कोण सांगणार? ती सकाळी बसते आणि अंगठा लावते. जेवायला उठवलं तर म्हणते, ‘एवढं एक झालं की येते.’ तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं नख उलटलं. आम्ही पट्टी बांधली, तर तर्जनीने सुरू केलं. आता चार बोटांना पट्ट्या आहेत. माळ काढून घेतली की ‘माझी कामं चोरली’ म्हणून लहान मुलासारखी रडते, म्हणून परत द्यावी लागते. दिली की रक्त. काल तिने मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, ‘मास्तर, माझ्या हातांना काय झालंय? एवढी मी कधी आळशी नव्हते.’ याचा फोटो काढायचा होता का मी? पत्रकाच्या सहाव्या पानासाठी? सहा ओळी लिहून दिल्या असत्या शेजारी, वृत्तात.

इथवर वाचताना तू चार वेळा म्हणाली असशील, ‘पण दादा, मी तुला विचारलं होतं.’ हो. विचारलं होतंस. मी बाहेरच्या टेबलावर उत्तरपत्रिका तपासत होतो. तू आतून हाक मारलीस, ‘दादा, डब्यातला हा दोरा नेऊ का रे?’ आणि मी मान वर न करता म्हटलं, ‘ने की, घरातलं सगळं तुझा कच्चा मालच आहे.’ स्वतःच्या विनोदावर हसलोही. मान वर केली असती तर तुझ्या हातातल्या गाठी दिसल्या असत्या. तेवढी एक मान मला वर करता आली नाही. पत्रक वाचलं त्या क्षणी मला ते आठवलं. आणि वहिनीने विचारलं, ‘आपल्याला न विचारता नेला का तिने?’ तेव्हा मी म्हटलं, ‘हो.’ बारा दिवस ते ‘हो’ घेऊन मी या घरात हिंडतोय. तेव्हा वरचा सगळा राग निम्मा करून वाच. निम्माच. गाठींचा दोरा चालू दिवसाचा असतो, हे मला मान वर करून पाहायला हवं होतं, आणि तुला तर डोळे मिटूनही कळायला हवं होतं.

आता पत्र का लिहिलं ते. रागासाठी लिहायचं असतं तर बारा दिवसांपूर्वीच लिहिलं असतं. तेव्हा तो ताजा होता. काल वहिनीने आईच्या उशीची खोळ बदलली, तर आत एक सुतळी निघाली, बोटाने सरळ केलेली, नीट घडी घातलेली. ‘ही कुठली?’ म्हणाली. तुझ्या पार्सलाची. मग मला ती सकाळ पुरती आठवली. पार्सल आलं तेव्हा मी कात्री आणायला उठलो होतो. वळून पाहतो तर आईने ते मांडीवर ओढलेलं, अंगठा सुतळीच्या गाठीवर, एकदा दाबला, एकदा लोटला, गाठ सुटली. आणि ती म्हणाली, ‘झालं.’ चार महिन्यांनी. मला आत काय आहे ते बघायची इतकी घाई, की मी तो शब्द ऐकला आणि ओलांडून गेलो. ती गाठ तुझ्या हातची होती, डावरे. चांदीच्या नऊ गाठींत तिला जे मिळेना ते तुझ्या गबाळ्या पार्सलावरच्या एका गाठीत होतं. तेव्हा सोबत आईच्या रिळातला दोरा पाठवतोय, हातभर, कोरा. मेण नको, साचा नको, प्रेरणा तर मुळीच नको. त्याला गाठी मार, डाव्या हाताने, आणि हे पत्र वाचशील त्याच दिवशी टपालात टाक. तो आला की मी माळ काढून कपाटात ठेवीन. परत पाठवणार नाही, छान आहे ती, हे वाक्य लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. आणि दोऱ्याच्या पाठोपाठ तू ये, कारण आता ती महिन्याकाठी एकीवर थांबत नाही, दिवसभर सोडायला बसते, हातभर दोरा तिला आठवडाभरसुद्धा पुरणार नाही. तू आलीस की रोज सकाळी तिच्या शेजारी बसून नवीन गाठी मारायच्या, आणि मी वहिनीला ते ‘हो’ खोटं होतं हे सांगेन तेव्हा खोलीत थांबायचं. उरलेला राग मी तुझ्यासाठी झाकून ठेवला आहे, गार होणार नाही. फक्त एक कर, गाठी फार घट्ट मारू नकोस. तिची नखं अजून भरून यायची आहेत.

तुझाच, दोन्ही हातांनी उजवा,
दादा